बसलेल्या जिंकेचा डोळा

९ जानेवारी २०२५, गुरुवार

पेंटच्या दुकानदारानं नव्या वर्षाची डायरी फुकट दिली. अण्णानं ती माझ्याकडं टाकली आणि म्हणाला, "रोज चार ओळी लिहीत जा. अक्षर बघ तुझं, कोंबडीनं उकरल्यासारखं. गाडीमागं नाव कोण लिहू देईल तुला?" शाळा सहावीत सुटली, त्यानंतर मी सहीशिवाय काही लिहिलेलं नाही. ठीक आहे, लिहितो. अण्णा वाचायला बसणार नाही, तेव्हा खरं तेच लिहितो.

खरं म्हणजे मला इथून जायचं आहे.

अण्णा म्हणजे कल्लाप्पा पेंटर, आमच्या निपाणीकडचा. तिकडं उसाच्या ट्रॉल्या आणि ट्रक त्याच्या हातचे ओळखू येतात. चार वर्षं मी त्याच्या हाताखाली आहे, त्यातली दोन इथं शहराच्या टोकाला येलहंक्यात, किरणकुमारच्या गॅरेजच्या शेडमध्ये. त्याआधी मी हॉटेलात होतो, वीटभट्टीवर होतो, एकदा बोअरच्या गाडीबरोबर तमिळनाडूपर्यंत गेलो. सहा महिन्यांवर कुठंच पाय ठरला नाही. इथं ठरला तो डोळ्यासाठी.

आमच्यात असं आहे. चित्र कुणी का भरेना, जनावराचा डोळा उस्तादानंच उघडायचा, म्हणजे काळ्या रंगानं भरायचा. शेवटच्या दिवशी, मालकासमोर, नारळ फोडून. तोवर तिथं पांढरा ठिपका ठेवायचा. डोळा उघडल्याशिवाय गाडी जागची हलवायची नाही, आणि एकदा उघडला की परत पुसायचा नाही. उस्ताद ज्या दिवशी स्वतःचा खारीच्या केसांचा ब्रश शिष्याच्या हातात देतो त्या दिवशी तो पेंटर झाला. नाहीतर जन्मभर रंगाऱ्याचा गडी.

मल्लेश्वरमला मोहनकुमारचं गाड्यांच्या स्टिकरचं दुकान आहे. कधीचा बोलावतोय, मशीन कापतं, आपण फक्त चिकटवायचं. पण ब्रश मिळाल्याशिवाय गेलो तर गावात काय सांगू, चार वर्षं डबे धुतले म्हणून?

१३ जानेवारी, सोमवार

नवीन काम आलं. टेम्पो ट्रॅव्हलरची कॅम्पर केली आहे. आत पलंग, शेगडी, पाण्याची टाकी, सगळं घर. मालकीण राजलक्ष्मीबाई, जे. पी. नगरच्या. एकतीस वर्षं सिटी बसमध्ये कंडक्टर होत्या. घरात मराठी, पण पाच-सहा पिढ्या इथल्याच, त्यामुळं मराठी बोलता बोलता कानडीत कधी उतरतात कळत नाही.

"पेंटर, मला जिंके पाहिजे," म्हणाल्या. जिंके म्हणजे हरीण.

अण्णा म्हणाला, "पळतंय असं काढू? सगळे तसंच काढून घेतात."

"नको बा. एकतीस वर्षं मी उभी आणि बस पळणारी. बसलेली काढा. दोन्ही साइडला एकेक. स्वल्प आरामात बसलेली."

किरणकुमार मध्येच, "अक्का, स्टिकर लावला तर दोन दिवसांत होतंय."

"स्टिकर माझ्या फ्रिजला आहे की."

रथसप्तमीला निघायचं म्हणाल्या. किरणकुमारनं विचारलं कुठं जाणार. "ठाऊक नाही. एकतीस वर्षं पुढचा स्टॉप ठाऊक होता. आता ठाऊक नसू दे."

त्या गेल्यावर अण्णानं गाडीच्या अंगावरून पुढून मागपर्यंत हात फिरवला, बैल घेताना फिरवतात तसा. मागच्या चाकावर थांबला आणि म्हणाला, "इथं पोचा आहे." किरणकुमारनं वाकून बघितलं, बल्ब लावून बघितलं, तेव्हा दिसला. मला वाटतं अण्णाला लोकांना असं चकित करायला आवडतं.

१५ जानेवारी, बुधवार

काल संक्रांत. राजलक्ष्मीबाई एळ्ळू-बेल्ला घेऊन आल्या, म्हणजे इकडचं तिळगूळ, त्यात खोबरं आणि दाणे असतात. अण्णाची वाटी लवंडली. "तुम्ही हातात दिली नाही नीट," असं त्यानं बाईंनाच ऐकवलं. मला लाज वाटली.

डब्यांचा त्याचा नवा छळ सुरू झाला आहे. फळीवर डबे ठरलेल्या जागीच पाहिजेत. पांढरा भिंतीकडं, मग पिवळा, हिरवा, तांबूस, लाल, आणि सगळ्यात शेवटी काळा, फळीच्या टोकाला ठेवलेल्या विटेला टेकून. एक डबा वीतभर सरकला तरी ओरडतो. पूर्वी तो स्वतः कुठंही डबे टाकायचा आणि मी गोळा करायचो. वय झालं की माणूस असा होतो बहुतेक.

आणि दुकानातून नवा डबा आणला की मला म्हणतो, "काय लिहिलंय वाच." मी वाचतो. "नीट वाच." परत वाचतो. शाळेत मास्तर असंच करायचे, त्यांना काय लिहिलंय ते ठाऊक असायचं.

१८ जानेवारी, शनिवार

आज मोठी गोष्ट झाली पण आनंद वाटेना. अण्णानं मला ड्रायव्हर साइडची पूर्ण आकृती काढायला लावली. कागदाला भोकं पाडून खडूच्या पुरचुंडीनं छाप मारला, मग लायनिंगच्या ब्रशनं बाहेरची रेघ. मानेची एक रेघ, कानापासून पाठीपर्यंत, न थांबता. अण्णाची रेघ म्हणजे लोक बघायला थांबायचे. आज तो स्टुलावर बसून राहिला आणि म्हणाला, "मार."

मारली. बरी आली. मी विचारलं, "कशी आहे?"

"तूच सांग."

"थोडी पोटाजवळ जाड झाली."

"मग जाड झाली."

उठून बघितलंसुद्धा नाही. स्वतः साहेबासारखा बसतो, घाम माझा, आणि शेवटी डोळा उघडून नाव त्याचं.

२२ जानेवारी, बुधवार

एअर फोर्सची विमानं सरावाला लागली. पुढच्या महिन्यात शो आहे. डोक्यावरून जातात तेव्हा शेडचा पत्रा थरथरतो आणि ब्रश उचलून धरावा लागतो. आज तीन विमानं एका रांगेत गेली, आम्ही सगळे बाहेर पळालो. अण्णापण आला. विमानं शेडमागच्या टाकीकडं गेली आणि हा उलट बाजूला, गेटाकडं मान वर करून म्हणाला, "झकास." किरणकुमार हसला. मीपण हसलो.

२६ जानेवारी, रविवार

महानंदाचा फोन. ती अण्णाची मुलगी, गडहिंग्लजला दिलेली. अण्णा अंघोळीला होता म्हणून मी उचलला.

"दयानंद, बाबा डोळ्यात थेंब घालतात काय रे वेळेवर?"

म्हटलं, घालतात, सकाळ-संध्याकाळ. थिनरच्या वाफेनं डोळे चुरचुरतात म्हणतात. माझेपण चुरचुरतात.

तिनं "थिनर?" एवढंच विचारलं. मग म्हणाली, "बरं. चुकवू देऊ नको." आणि विमान आलं, पुढचं काही ऐकू आलं नाही.

मी अण्णाला म्हटलं, मलापण द्या की ते थेंब. म्हणाला, "तुला नको." एवढ्याशा बाटलीचा हिशेब, तोपण नाही सुटत त्याला.

२९ जानेवारी, बुधवार

क्लीनर साइडचं हरीणपण झालं, अंगावरचे ठिपके राहिलेत. बसलेलं हरीण काढायला अवघड असतं. पळणाऱ्याचे पाय कसेही चालतात, बसलेल्याचे पाय पोटाखाली नीट दुमडले नाहीत तर ते मेल्यासारखं दिसतं. राजलक्ष्मीबाई येऊन बघून गेल्या. स्टूल घेऊन तासभर समोर बसल्या. जाताना म्हणाल्या, "हिला उठवावंसं वाटत नाही."

दुपारी अण्णानं माझे डोळे फडक्यानं बांधले. हातात काडी दिली आणि म्हणाला, "डबे ढवळ आणि रंग सांग." मी म्हटलं हा काय खेळ. "खेळ नाही. प्रत्येक रंगाचा हात वेगळा असतो. पांढरा जड. पिवळा रेंगाळतो. काळा धावतो, एका हातात बसतो. लाल दिसायला जोरात, पण बसत नाही, खालचं दिसत राहतं, दुसरा हात द्यावाच लागतो."

सहापैकी दोन बरोबर आले. अण्णानं बांधून न घेताच सगळे सांगितले. मी म्हटलं, तुम्हाला दिसतंय की. त्यावर तो खूप हसला. इतका हसला की खोकला लागला.

३१ जानेवारी, शुक्रवार

आज बोललो. चहा पिताना म्हटलं, "अण्णा, ही गाडी झाली की मी जातो. मल्लेश्वरमला."

वाटलं शिव्या देईल. त्यानं कप खाली ठेवला, आधी हातानं जमीन चाचपून.

"स्टिकर?"

"होय."

"जा. तिथं डोळ्याला त्रास नाही."

"पण ब्रश पाहिजे मला. चार वर्षं झाली."

"रथसप्तमीला ड्रायव्हर साइड मी उघडतो," म्हणाला. "दुसऱ्या बाजूचं बघू."

बघू म्हणजे काय? देणार असेल तर देतो म्हणावं. मी दिवसभर फुकट इकडं-तिकडं फिरत राहिलो, हातून ठिपकेपण नीट पडेनात. देणार नसेल तर तसाच जाईन का, तेपण मला ठरवता येत नाही.

३ फेब्रुवारी, सोमवार

उद्या. सगळं झालं आहे, फक्त दोन पांढरे ठिपके राहिलेत.

किरणकुमारनं सांगितलं, उद्या बाया येणार, फोटो काढणार, शेड साफ करा. अण्णा येलहंक्याच्या बाजारात नारळ आणायला गेला होता, रिक्षानं, अर्ध्या किलोमीटरला रिक्षा. मी शेड झाडली, भिंत पुसली, डब्यांवरचे ओघळ थिनरनं खरवडून काढले. फळी तर अशी लावली की बघत राहावं. मोठे डबे मागं, छोटे पुढं, सगळ्यांची नावं बाहेरच्या बाजूला. कडेला, विटेजवळ, नवा कोरा लाल डबा ठेवला, तो दिसायला छान आहे म्हणून. मनात आलं, अण्णा ओरडेल. पण उद्या त्याचा मान आहे, चार लोकांसमोर ओरडायचा नाही. आणि खरं सांगू का, ओरडला तर ओरडू दे, परवापासून मी कुणाचा डबा लावणार नाही.

४ फेब्रुवारी, मंगळवार, रथसप्तमी

कुठून सुरुवात करू.

राजलक्ष्मीबाई सकाळी आठला आल्या, बरोबर तीन जुन्या कंडक्टर मैत्रिणी. त्यातली यल्लव्वा म्हणून एक फार बोलायची. अण्णानं पांढरा शर्ट घातला होता. नारळ फोडला, गाडीला हळद-कुंकू लावलं. अण्णा ड्रायव्हर साइडला स्टुलावर बसला. डावा तळवा हरणाच्या कपाळावर ठेवला आणि बोटानं ठिपका चाचपला. मी आरतीचं ताट धरून मागं उभा. उजवा हात त्यानं न बघता हाताशीच असलेल्या फळीकडं नेला, शेवटच्या डब्याला, विटेजवळच्या. झाकण काढलं. ब्रश बुडवला.

मला दिसत होतं. डबा लाल होता हे मला दिसत होतं. मला वाटलं आधी लाल घेऊन काही करणार असेल. उस्ताद आहे. त्याला दिसत नसेल असं मनात येतच नाही ना.

ब्रश टेकवला आणि तो थांबला. एक श्वास घेईपर्यंत थांबला असेल. मग पूर्ण डोळा भरला, कडेनं गोल, कुठं हलला नाही. वरून दुसरा हात दिला. आणि ब्रश बाजूला घेतला.

लाल. रक्तासारखा लाल डोळा.

"कसा आलाय?" अण्णा म्हणाला.

चार वर्षांत त्यानं हे कुणाला विचारलेलं मी ऐकलं नव्हतं. तो फडकं शोधत होता. फडकं त्याच्या मांडीवर होतं. हात स्टुलाखाली चाचपत होता आणि फडकं मांडीवर होतं, आणि तेव्हा मला सगळं एकदम कळलं. वाटी, विमानं, डबे, वाच म्हणणं, मला दिलेल्या रेघा.

यल्लव्वा म्हणाली, "अय्यो, लाल कशाला? जिंकेचे डोळे आले काय?"

कुणीतरी हसलं. अण्णाचा चेहरा आवाजाकडं वळला. आता अजून कुणी 'चुकला' म्हटलं असतं तर संपलं होतं. उघडलेला डोळा पुसायचा नाही.

मी म्हटलं, "आमच्याकडं बसलेल्या हरणाचा डोळा लालच करतात. बसलंय म्हणजे झोपलंय असं नाही. कळपाची राखण करून जागलेलं असतंय ते." हे कुठून आलं मला ठाऊक नाही. आमच्याकडं असं काही नाही.

राजलक्ष्मीबाईंनी हरणाकडं बघितलं. मग अण्णाच्या हाताकडं. मग माझ्याकडं, इतका वेळ की मी खाली बघायला लागलो.

"म्हणजे डबल ड्यूटी केलेली जिंके," त्या म्हणाल्या. "यल्लव्वा, फर्स्ट बसला माझे डोळे कसे असायचे?"

"असेच. पाशिंजर घाबरायचे."

"सरी. मग बरोबर आहे. माझीच आहे ती."

अण्णा उठला आणि म्हणाला, "दुसरी बाजू दयानंद उघडेल." आणि सगळ्यांसमोर ब्रश पुढं केला. मी होतो त्याच्या हातभर डावीकडं केला. ब्रश होता तिथं मी जाऊन उभा राहिलो आणि घेतला.

क्लीनर साइडला जाताना मी फळीवरून दोन डबे उचलले. मागच्या रांगेतला काळा आणि तो लाल. ठिपक्यासमोर बसलो. काळा घातला असता तर माझा डोळा बरोबर झाला असता, आणि अण्णाचा चुकलेला आहे हे गाडी जाईल तिथं सगळ्यांना दिसलं असतं. अण्णा मागं उभा होता, त्याचा हात माझ्या खांद्यावर होता. मी काळा डबा फरशीवर ठेवला. आवाज होऊ नये म्हणून हळू ठेवला, तरी झाला.

चार वर्षं ज्याची वाट बघितली तो पहिला डोळा मी जाणूनबुजून चुकीचा उघडला. डोक्यावरून विमान गेलं, मी एकदाच भरला आणि उठलो.

"तुझा काळाच आहे ना?" अण्णानं हळूच विचारलं.

"होय," मी म्हटलं.

जाताना बाईंनी टॉवेल आणि नारळ दिला. एरवी लोक टॉवेल पुढं करतात आणि अण्णा घेतो. बाईंनी त्याचा हात धरून टॉवेल हातावर ठेवला, बोटं मिटवली. गाडी गेटाबाहेर पडली. एका बाजूनं लाल डोळा दिसला, वळल्यावर दुसऱ्या बाजूनं लाल डोळा दिसला. अण्णा हॉर्नच्या आवाजाकडं हात हलवत राहिला, गाडी वळून गेल्यावरसुद्धा.

५ फेब्रुवारी, बुधवार

डबे परत जागच्या जागी लावले.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

महानंदाला मीच फोन केला. थेंब कशाचे म्हणून विचारलं.

"काचबिंदू आहे. दोन वर्षं झाली. गेलेली नजर परत येत न्हाई म्हणाले डॉक्टर, आहे ती टिकवायला थेंब. आता कडेकडेचं सगळं गेलंय, मधलं पण अंधूक. सावल्या दिसतात म्हणत्यात." मग म्हणाली, "तुला सांगू नको म्हणून बाबांनी शपथ घातली होती मला. म्हणाले, पोराला कळलं तर ते अडकून बसंल. त्याचा पाय कुठं टिकत न्हाई, त्याला जायचं असतंय, जाऊ दे."

मी म्हटलं, घालतात थेंब वेळेवर.

मोहनकुमारचे चार मिसकॉल आहेत. ब्रश माझ्या पेटीत आहे. आता कुणी अडवत नाही, आणि मला पाय उचलता येत नाही. राहिलो तरी अण्णाच्या डोळ्याला काय फरक पडणार आहे? राहून मी काय करणार, डबे वाचून दाखवणार?

९ फेब्रुवारी, रविवार

सकाळी अण्णानं विचारलं, "कधी जातोस?"

"बघू," मी म्हटलं.

"बघू काय? मोहनकुमार थांबणार आहे काय तुझ्यासाठी?"

मी थेंबांची बाटली घेतली. त्यानं मान मागं केली, मी पापणी धरली. एक थेंब गालावर गेला, मग एक आत पडला. डोळा दिसायला चांगला आहे, काळा, स्वच्छ. काही झालंय असं वाटतच नाही.

डोळे मिटून पडल्या पडल्या तो म्हणाला, "लालला दुसरा हात द्यायचा राहिला तुझा. घाई केलीस. वर्षभरात उन्हानं खालचं पांढरं दिसायला लागेल."

मी बाटली खाली ठेवली.

"तुम्हाला कळलं होतं? तुमचा भरतानाच?"

"काळा धावतो. हा टेकवल्या टेकवल्या अडकला. तुझापण तसाच, खांद्यावरच्या हाताला कळलं."

"मग थांबला का नाही?"

"चार बाया बघत होत्या. अर्धा उघडलेला डोळा ठेवून कुठं जाऊ?" मग म्हणाला, "जागलेलं हरीण. कुठनं सुचलं रे तुला?" आणि हसला. मला हसता आलं नाही.

त्या बाई आता कुठं असतील कोण जाणे. त्यांना परत बोलावून दुसरा हात द्यावा म्हटलं तर कुठला स्टॉप, त्यांनाच ठाऊक नाही.

काम काही नाही, तरी रोज सकाळी फळी लावतो. पांढरा भिंतीकडं, पिवळा, हिरवा, तांबूस, लाल, आणि काळा शेवटी, विटेला टेकून. अण्णा येतो, एकेक डब्याला हात लावून जातो. त्या दिवशी डबे कुणी हलवले होते, हे त्यानं मला अजून विचारलेलं नाही.